पान सतरा, पायरी सात

नागा, २ जून

मानाय पेतांग,

इथूनच तुमचा हात आशीर्वादासाठी कपाळाला लावते. हे पत्र लाँचवरच्या बेर्तिंगकडे देतेय. तो म्हणाला, विराकच्या धक्क्यावर उतरलो की थेट बाईंच्या हातात देतो, नाहीतर त्या मला या वयातसुद्धा ओणवं उभं करतील. तुमची दहशत समुद्र ओलांडून इकडे पोचलेली आहे.

तुमचे ओनोफ्रे, आम्हा सगळ्यांचे मानोय, थोरले दादा, जाऊन पाच महिने होत आले. त्यांच्या शवपेटीजवळ उभं राहून मी सगळ्यांसमोर काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. बाबांग-लुक्सा होईपर्यंत, म्हणजे वर्षाचा शोक उतरेपर्यंत, मानोयनी पुस्तिकेत लिहिलेल्या पानांना कुणी हात लावायचा नाही. आपण घरात वर्षभर काळं घालतो, तसंच. सगळ्या गटाने ते मानलं. सामारहून, मिंडोरोहून, पार व्हिएतनाममधून लोकांनी कळवलं की हेच योग्य.

अडचण पान सतराची आहे. आमचं ‘बंताय’ यंत्र नदीवर पहारा ठेवतं आणि वरच्या अंगाला पाणी चढलं की खालच्या गावातला भोंगा वाजवतं, एवढं मानोयनी तुम्हाला हजारदा सांगितलं असेल. ते कुणा कंपनीचं नाही. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही सुधारावं. पण ते लावायचं कसं आणि तपासायचं कसं, हे गावोगावच्या माणसांना कळतं ते आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तिकेतून. तिचं सतरावं पान म्हणजे भोंग्याचा महिन्याचा सराव. सरावासाठी भोंगा पहाऱ्यावरून उतरवावा लागतो. पूर्वी अर्ध्या तासाने तो आपणहून परत पहाऱ्यावर जायचा. बंतायच्या गेल्या नोव्हेंबरच्या आवृत्तीत कुणीतरी ते बदललंय. आता हिरवं बटण दाबल्याशिवाय तो जात नाही. आणि मानोयची सातवी पायरी अजून सांगते, ‘आता कॉफी प्या. कॉफी संपेपर्यंत भोंगा आपणहून पहाऱ्यावर जाईल. तो आपल्यापेक्षा शहाणा आहे.’

म्हणजे जो कुणी पानाबरहुकूम सराव करील, त्याचा भोंगा मुका राहील. सामारच्या एका बाईंच्या हे लक्षात आलं, कारण दुसऱ्या दिवशीही भोंग्याच्या पेटीवरचा दिवा पिवळाच होता. पहाऱ्यावर असेल तर तो हिरवा असतो.

मला ती एक ओळ बदलू द्या. पण मग पानाखाली ‘शेवटचा हात’ म्हणून मानोयच्या जागी दुसरं नाव येईल. पानातली प्रत्येक पायरी जो स्वतःच्या हाताने करून बघेल त्याचंच नाव खाली लागतं, हा नियम मानोयनीच घातलेला. म्हणून विचारते. वचन मी गटासमोर दिलं असलं तरी ते तुम्हाला दिलं होतं.

तुमची,
इदेल्फा

*

विराक, १४ जून

इदे पोरी,

पत्र मिळालं. बेर्तिंग ते देऊन अळूच्या पानांची दोन पिनांगात खाऊन गेला, आणि तिसरं बायकोसाठी म्हणून पानात बांधून नेलं. तिसरीतही तो असाच होता. तुझं अक्षर मात्र तिसरीतल्या पोराला शोभणार नाही असं झालंय. सगळा दिवस बटणं दाबून हात वाकडा झाला असेल.

आता मुद्द्याचं. दर रविवारी चर्चमधून येताना मी बरंगायच्या, आपल्या वस्तीच्या, कचेरीत जाते. तिथली कारकून मुलगी मला संगणक लावून देते आणि मी पान सतरा वाचते. ओनोफ्रेचा आवाज मला दुसरीकडे कुठे सापडत नाही. फोटोत तो ओठ मिटून उभा. पत्र लिहायचा त्याला कंटाळा. पण पान सतरामध्ये तो बोलतो. चौथी पायरी: ‘कान झाका. झाकले नाहीत तर कुणी पाचवी पायरी वाचून दाखवली तरी ऐकू येणार नाही.’ सातव्या पायरीला मी हसते आणि मग रुमाल शोधते. त्या मुलीला वाटतं, म्हातारी प्रार्थनेचं काहीतरी वाचतेय.

मी चाळीस वर्षं फळा पुसला आहे. पुसलं की गेलं, हे मला कुणी सांगायला नको. तू ती ओळ काढलीस की माझा भाऊ मला दुसऱ्यांदा पुरावा लागेल, आणि त्याच्या नावाच्या जागी खाली तुझं नाव. तुझ्यावर राग नाही. पण नाही.

जानेवारीत मी काळं उतरवीन, तेव्हा हवं ते कर. तोपर्यंत लोकांना तोंडाने सांग. तुम्हा लोकांकडे सतरा तऱ्हेचे फोन आहेत, ते कशासाठी? आणि त्याने या पानाबद्दल काही सांगून ठेवलं असतं, तर मी तुला कळवलं नसतं का?

सोबत पिलीची बी पाठवते आहे. घरी भाजलेली आहे, बाजारची नाही. जेवत जा.

मानाय पेतांग

*

नागा, २९ जून

मानाय पेतांग,

पिली दोन दिवसांत संपली. कबूल करते की एकटीने संपवली.

तुमचं मन मोडून मला काही करायचं नाही. पानाला हात लावत नाही. तुम्ही फळ्याचं लिहिलंत ते वाचून मी समोर उघडलेलं पान सतरा बंद केलं. एवढं दुःख असताना मी बटणाच्या आणि दिव्याच्या गोष्टी काढल्या, याची लाज वाटली.

तुम्ही म्हणालात तसं तोंडाने सांगायला सुरुवात केली आहे. बंताय लावलेल्या चौसष्ट गावांना निरोप धाडला: सरावानंतर हिरवं बटण दाबा, पानावर काहीही लिहिलेलं असो. एकसष्ट गावांची उत्तरं आली. तीन गावं आमच्या फोनच्या गटात नाहीत. तिथे कुणीतरी पुस्तिका छापून घेतली, भिंतीला लावली आणि त्यावरच चालतात. मानोयना अशीच गावं जास्त आवडायची. त्या तिन्ही गावांना शोधतेय.

त्यांची एक आठवण सांगू? मी नवी होते तेव्हा रेडिओ जोडण्याचं पान लिहून मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि मला त्यांच्या न्हाव्याकडे घेऊन गेले. न्हाव्यासमोर रेडिओ ठेवला, पान ठेवलं आणि म्हणाले, कर. न्हावी पहिल्याच ओळीला अडला. मी लिहिलं होतं, ‘यंत्र सुरू करा.’ कळ मागच्या बाजूला असते हे त्याला कुठून कळणार? मानोय मला म्हणाले, “जे तुझ्या हाताला पाठ झालंय ना, तेच तू लिहायला विसरतेस.” मग त्यांनी दाढी करून घेतली आणि मला बाकावर बसवून पान पुन्हा लिहायला लावलं.

जानेवारीला सहा महिने आहेत. निभेल.

तुमची इदे

*

विराक, २० जुलै

इदे,

न्हाव्याची गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटायचं, त्याला ही खोड माझ्यामुळे लागली. लहानपणी त्याचे निबंध मी शेजारच्या आंधळ्या आजीला वाचून दाखवायचे. तिला कळलं नाही तर फाडायचे. तो रडायचा आणि पुन्हा लिहायचा.

ती तीन गावं सापडली का? सापडली की कळव. उगाच विचारते आहे.

एक गोष्ट लिहायला घेतली होती, पण राहू दे. वारा सुटला आहे, छपराचे पत्रे बांधून घ्यायचे आहेत.

मानाय पेतांग

*

नागा, २२ सप्टेंबर

मानाय पेतांग,

मी तुम्हाला सहा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. कदाचित बातमी तुमच्यापर्यंत आली असेल. तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण ते माझ्याच हाताने लिहिलं पाहिजे.

तीनपैकी दोन गावं जुलैत सापडली. तिसरं मालिनाव. तिथल्या गाव-कप्तानाला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र टाकलं नाही. तिथे गेलेही नाही. इथून चार तासांचा रस्ता आहे.

सहा सप्टेंबर, बुधवार, दुपार. मालिनावला लख्ख ऊन होतं. पाऊस डोंगरात पडत होता. नदीच्या वळणावर तिघी जणी धुणं धूत होत्या. आमच्या नोंदीत सगळं मिनिटामिनिटाने आहे. एक वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या खुणेपाशी पाणी चढलं. बंतायने भोंग्याला हुकूम दिला. भोंगा सरावात होता. सतरा मिनिटांनी पाणी वळणावर आलं. दोघी काठावर चढल्या. तिसऱ्या, कोन्सोर्सिया, धुतलेल्या चादरी उचलायला मागे वळल्या. त्या दुसऱ्या दिवशी दोन गावं खाली सापडल्या. बावन्न वर्षांच्या होत्या.

सतरा मिनिटं, मानाय. चादरींची घडी घालून, केस विंचरून घरी जाता आलं असतं.

मी मालिनावला गेले. भोंग्याची देखभाल तेओदुलो नावाचे सुतार करतात. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. आत पान सतरा प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेलं, आणि प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलची बारीक खूण. शनिवारी त्यांनी सराव केला होता. मला म्हणाले, “पोरी, मी एकही पायरी गाळली नाही. मला कॉफी सोसत नाही, पित्त होतं. पण पानावर होतं म्हणून कॉफीसुद्धा प्यायलो.” मग म्हणाले, “दिवा पिवळा दिसला मला. पण तो आपल्यापेक्षा शहाणा आहे असं लिहिलेलं होतं.” हे बोलताना त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. आपलं नक्की काय चुकलं ते मी त्यांना समजावून सांगावं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते.

आता दुसरी गोष्ट. जूनमध्ये मी तुम्हाला लिहिलं, ‘कुणीतरी’ ते बदललंय. ते कुणीतरी म्हणजे मी. एका गावात सरावाच्या मध्येच भोंगा पहाऱ्यावर गेला, खोटाच वाजला आणि पळापळीत एका आजोबांचा पाय मोडला. म्हणून मी तो आपणहून परत जाणं बंद केलं. यंत्रात बदल करील त्यानेच त्याच दिवशी पान बदलायचं, हा आमचा पहिला नियम. मी ते केलं नाही. पान मानोयचं होतं, मानोय हॉस्पिटलात होते. म्हटलं, बरे होऊन आले की त्यांनाच सांगू. मग ते गेलेच. शवपेटीजवळ मी वचन दिलं तेव्हा हे माझ्या ध्यानातही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. त्यात प्रेम किती आणि सोय किती, हे आज मला सांगता येत नाही.

सहा तारखेला संध्याकाळी मी सातवी पायरी काढून टाकली. तुम्हाला विचारलं नाही. तिथे साधं लिहिलं, ‘हिरवं बटण दाबा.’ खाली ‘शेवटचा हात’ कोरा ठेवला आहे. त्या पायऱ्या करून बघायला माझा हात पुढे होत नाही.

तुम्ही मला काहीही बोला. पण बोला.

इदेल्फा

*

विराक, ३ ऑक्टोबर

इदेल्फा,

तुझे सहाही फोन वाजले ते मी ऐकले. फोन समोर टेबलावर ठेवून बसले होते. फोनवर मी हो ला हो करते आणि खरं तसंच राहतं. कागदावर मला खोटं लिहायला वेळ लागतो. जूनमध्ये मात्र लागला नाही.

या पत्रात एक घडी घातलेला कागद आहे. तो आधी वाच, मग पुढे ये.

वाचलास? अक्षर माझं आहे, शब्द त्याचे आहेत. अठ्ठावीस डिसेंबरची सकाळ. त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. बोलायला दम लागत होता, तरी फोनवर तुमच्या त्या बदलांच्या याद्या वाचत होता. एकदम म्हणाला, “पेतांग, लिही. इदेने यंत्र सुधारलं, पान राहिलंय. पोरगी मला त्रास नको म्हणून गप्प बसली असेल.” म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तुझ्यावर रागावला नव्हता. लिहून झालं तेव्हा म्हणाला, “वाचून दाखव.” मी दाखवलं. एका जागी थांबवून एक ओळ वाढवली आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, “आज पाठव.”

संध्याकाळी त्याने विचारलं, “पाठवलंस?” मी म्हटलं, “हो.”

त्यानंतर तो फारसं काही बोलला नाही. जे बोलला ते तापातलं. म्हणजे शहाणपणाचं शेवटचं जे काही त्याच्या तोंडून आलं, ते या कागदावर आहे. मयताच्या दिवशी तो माझ्या पर्समध्ये होता. तू शवपेटीजवळ उभी राहून म्हणालीस, कुणी हात लावायचा नाही, तेव्हा मला वाटलं, सुटले. आता द्यायला नको. दिला असता तर तो कागद सगळ्या दुनियेचा झाला असता, आणि जुनं पान पुसलं गेलं असतं. मला काय उरलं असतं? तू जूनमध्ये विचारलंस तेव्हा तो माझ्या बायबलमध्ये होता. जुलैत मी लिहायला बसले, त्याची घडी उघडली, आणि पुन्हा घातली. छपराचे पत्रे बांधायचे होते हेही खरंच होतं. माणसाला खरं कारण नेहमी सापडतं.

तू लिहिलंस, सोय किती ते सांगता येत नाही. मला माझं सांगता येतं. सगळा स्वार्थ होता.

कोन्सोर्सियाला मुलं आहेत का, ते कळव.

पेर्पेतुआ

*

नागा, ११ ऑक्टोबर

मानाय,

मुलगी आहे. मिलाग्रिता. मालिनावच्याच शाळेत स्वयंपाक करते.

कागद वाचला. शेवटची ओळ वाचून मी ऑफिसातून बाहेर जाऊन जिन्यात बसले. ती ओळ तेओदुलोंच्या कपाटात असती तर.

तुमच्यावर रागवायला मी निघाले होते. दोन पत्रं लिहून फाडली. मग तुमचं जूनचं पत्र पुन्हा काढलं, आणि यावेळी फळ्याच्या ओळीवर अडले. मानाय, तुम्हाला खरंच वाटत होतं का, की आमच्याकडे बदललं की जुनं पुसलं जातं?

आमच्याकडे काहीच पुसलं जात नाही. पान बदललं की जुनं पान त्याच्यामागे तसंच राहतं, तारखेसकट, हातासकट. पानाच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळाचं चित्र आहे. त्यावर बोट ठेवलं की सगळी जुनी पानं उघडतात. तुमच्या कचेरीतल्या मुलीला सांगा, ती दाखवील. पान सतराची एकोणीस रूपं आहेत. सगळी छापून सोबत पाठवते आहे. पहिलं नऊ वर्षांपूर्वीचं, त्यात मानोयनी भोंग्याला ‘ओरडणारी पेटी’ म्हटलंय आणि कॉफी तिसऱ्या पायरीलाच पाजली आहे. तुमची कॉफीची ओळ कालही तिथे होती, उद्याही असेल. आम्ही सगळे मेल्यावरही असेल.

हे मला जूनमध्ये एका ओळीत सांगता आलं असतं. तुम्ही लिहिलंत, पुसलं की गेलं. मी ते दुःख म्हणून वाचलं, मान खाली घातली आणि गप्प बसले. त्यात दुःख होतंच, पण एक साधी चुकीची समजूतही होती, आणि ती दुरुस्त करणं तर माझं कामच आहे. मला वाटलं, हे कुणालाही माहीतच असतं. न्हाव्याच्या दुकानातून मी काहीच शिकले नव्हते, मानाय. कळ मागच्या बाजूला असते, हे मी पुन्हा लिहायला विसरले.

गटाची बैठक झाली. कुणाच्याही जाण्याने यापुढे पान थांबणार नाही, असं ठरलं. मालिनावला काय घडलं तेही पुस्तिकेत लिहिलं आहे, माझ्या नावासह: बदल माझा, न बदललेलं पान माझं, वचन माझं, न टाकलेलं दुसरं पत्र माझं. मानोयच्या कागदातली सातवी पायरी शब्द न बदलता पानावर चढवली आहे. तुमचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही, तुम्ही ठरवा.

शेवटचा हात अजून कोरा आहे. तेओदुलोंना विचारलं. ते म्हणाले, एकट्याने आता त्या पेटीला हात लावणार नाही.

इदे

*

विराक, ३० ऑक्टोबर

इदे पोरी,

मालिनावला जाऊन आले. बेर्तिंगने लाँचवर माझ्यासाठी पुढची जागा धरली आणि तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, यावरून मी कशी दिसत असेन ते समज. पुढे दोन जीप बदलल्या.

आधी मिलाग्रिताकडे गेले. ती शाळेच्या मागे भात उपसत होती. मी माझं नाव सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कागद कधी लिहिला, कुठे ठेवला, किती महिने. ती हातातला पळा तसाच धरून ऐकत होती. मग म्हणाली, “तुम्ही मास्तरीण होतात ना?” म्हटलं, हो. म्हणाली, “मग तुम्हाला वाचता येत होतं.” तिने मला क्षमा केली नाही, आणि मी मागितलीही नाही. मी निघाले तेव्हा म्हणाली, “भोंगा कधी वाजवणार आहात?” मी वेळ सांगितली. तिने भाताचं भांडं झाकलं.

तेओदुलो कचेरीत वाट बघत होते. नवा शर्ट घातला होता. कपाट उघडून त्यांनी पान माझ्यापुढे धरलं आणि मी चष्मा लावून वर्गात वाचतात तसं एकेक पायरी मोठ्याने वाचली. हात माझा, नजर त्यांची. गावाला आधी सांगून ठेवलं होतं, तरी तिसऱ्या पायरीला बटण दाबण्याआधी मी ती ओळ दोनदा वाचली. चौथ्या पायरीला आम्ही दोघांनी कान झाकले. भोंगा वाजला, आणि दाराबाहेर बघते तर अर्धं गाव वळणावर काठाशी उभं. त्या दिवशी वाचलेल्या दोघी होत्या. मिलाग्रिता त्यांच्याही पुढे उभी होती, पाण्याकडे बघत. तो आवाज तिथपर्यंत पोचतो की नाही, हे तिला स्वतः ऐकायचं होतं.

पोचतो.

मग सातवी पायरी. ‘हिरवं बटण दाबा. दिवा हिरवा झाला का? झाला असेल असं म्हणू नका, उठून डोळ्यांनी बघा. झाला असेल तर आता कॉफी प्या. कॉफी सोसत नसेल तर पाणीही चालतं, भोंगा रागावत नाही.’ मी बटण दाबलं. उठून बघितलं. हिरवा होता. तेओदुलोंनी बघितला. मग ते भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायले, पुष्कळ वेळ लावून. मी कॉफी प्यायले. ओनोफ्रेसारखीच, साखर न घालता. निघण्यापूर्वी आम्ही दिवा आणखी एकदा बघितला.

रविवारी कचेरीत गेले. त्या मुलीला म्हटलं, घड्याळाचं चित्र दाखव. तिने बोट ठेवलं आणि ओनोफ्रे पानामागून पान निघत राहिला, एकोणीस वेळा. मी सगळी वाचली. ओरडणारी पेटीसुद्धा. घरी यायला दुपार झाली.

पानाखाली काय लिहायचं ते खाली देते आहे. माझ्या वाक्यातला एक शब्दही मऊ करायचा नाही. तुमच्याकडे काहीच पुसलं जात नाही म्हणालीस ना? म्हणूनच तिथे लिहिते आहे.

‘शेवटचा हात: पेर्पेतुआ तेवेस, मालिनाव, २८ ऑक्टोबर. सोबत तेओदुलो, सुतार. सातवी पायरी ओनोफ्रे तेवेस यांनी २८ डिसेंबरला सांगितली. मी ती नऊ महिने स्वतःजवळ ठेवली.’

पेतांग